सहा वैशिष्ट्ये पाठ झाली, आता गाव लिहायला घेऊया

कोकणातील महाविद्यालयांत समाजशास्त्र शिकवणाऱ्या सर्व सर-मॅडमना,

सप्रेम नमस्कार.

मी मालवण तालुक्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. परीक्षा जवळ आल्या की तुमचे विद्यार्थी आमच्या टेबलापाशी येतात आणि समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांच्यावरच्या, म्हणजे 'घुर्येंच्या नोट्स' मागतात. त्यांना हवे असते ते दोन पानांत मावणारे: जन्म, शिक्षण, ग्रंथांची नावे आणि जातीची सहा वैशिष्ट्ये. समाजाचे खंडात्मक विभाजन, श्रेणीरचना, खाण्यापिण्यावरचे निर्बंध, नागरी व धार्मिक निर्योग्यता (म्हणजे काहींना हक्क नाकारणे) आणि विशेषाधिकार, व्यवसायनिवडीवरची बंधने, विवाहावरची बंधने. ही सहा त्यांना तोंडपाठ असतात. पण 'यातले तुझ्या वाडीत काय दिसते?' असे विचारले की मुले गप्प होतात. मुले हुशार आहेत. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारलेलाच नसतो.

म्हणून हे पत्र. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्टला क्रेडिट दिले आहेत. त्याचा आधार घेऊन प्रत्येक कॉलेजने आपल्या पंचक्रोशीतले एक गाव, एक वाडी किंवा एक समाज निवडावा, त्याची जुनी नोंद शोधून काढावी आणि आजची नोंद तिच्यासमोर मांडावी. दरवर्षी. आणि जे लिहून होईल ते जपून ठेवावे. जयंतीचे व्याख्यान जरूर ठेवा, पण गोविंद सदाशिव घुर्ये या माणसाचे आपल्या किनाऱ्यावर खरोखर काही राहायचे असेल, तर ते अशा कामातून राहील असे मला मनापासून वाटते.

घुर्ये आपले, मालवणचे. १२ डिसेंबर १८९३ हा त्यांचा जन्मदिवस. शिक्षणासाठी मुंबई, मग थोरल्या भावाकडे जुनागढ, पुन्हा मुंबई. एल्फिन्स्टन कॉलेजातून १९१८ साली संस्कृतात एम. ए. याच सुमारास, १९१९ मध्ये, मुंबई विद्यापीठात पॅट्रिक गेडिस यांनी समाजशास्त्राचा विभाग सुरू केला. गेडिस मूळचे जीवशास्त्रज्ञ, पुढे नगररचनेकडे वळलेले. त्यांनी या संस्कृतच्या तरुणाला हेरले आणि विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर इंग्लंडला पाठवले. लंडनमध्ये समाजशास्त्रज्ञ हॉबहाउस यांच्याकडे घुर्ये फार काळ रमले नाहीत. केंब्रिजला मानववंशशास्त्रज्ञ रिव्हर्स यांच्याकडे गेल्यावर त्यांना हवा तो गुरू मिळाला. निलगिरीतल्या तोडा समाजावर लिहिणारे, घराघराची वंशावळ काढून समाज समजून घेणारे हे रिव्हर्स. १९२२ मध्ये ते अचानक वारले. घुर्ये यांनी हॅडन यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच. डी. पुरी केली आणि परत आले. १९२४ मध्ये मुंबईच्या विभागाची सूत्रे त्यांच्याकडे आली ती थेट १९५९ पर्यंत. पस्तीस वर्षे एक विभाग एका माणसाच्या हाती राहणे हे आज कुणाला रुचणार नाही. पण हा विषय देशात रुजला त्यात या पस्तीस वर्षांचा वाटा फार मोठा आहे. १९५१ मध्ये इंडियन सोशियॉलॉजिकल सोसायटी स्थापन झाली, घुर्ये तिचे पहिले अध्यक्ष. पुढच्याच वर्षी 'सोशियॉलॉजिकल बुलेटिन' हे तिचे नियतकालिक निघाले, ते आजही चालू आहे.

'कास्ट अँड रेस इन इंडिया' १९३२ साली आले. यातल्या सहा वैशिष्ट्यांपलीकडे आपल्या वर्गात कुणी जात नाही, याची मला खंत वाटते. रिझली या ब्रिटिश अधिकाऱ्याने नाकाच्या मापावरून जात आणि वंश यांची सांगड घातली होती. घुर्ये यांनी ती मापे पुन्हा तपासली आणि उत्तरेतला गंगेकाठचा पट्टा सोडला तर इतरत्र ही सांगड बसत नाही असे मांडले. १९०१ च्या जनगणनेत याच रिझलींनी जातींची उच्चनीच क्रमवारी लावायला घेतली. मग आपली जात वर लावून घेण्यासाठी ठिकठिकाणी सभा झाल्या, अर्ज गेले. सरकारच्या मोजणीने जात सैल झाली नाही, उलट आवळली गेली, हे घुर्ये यांनी ओळखले होते. जातनिहाय गणनेवर एवढी चर्चा चाललेली असताना विद्यार्थ्यांपुढे ठेवायला याहून ताजे प्रकरण कोणते? मत कोणतेही बनवोत, पण आधी वाचोत. आणि हे एकच पुस्तक घुर्ये कित्येक वर्षे पुन्हा पुन्हा लिहीत राहिले. नवी प्रकरणे घातली, नावसुद्धा बदलत गेले. विचार एकदा छापला की संपला, असे त्यांनी मानले नाही.

त्यांच्या शिष्यांकडे पाहावे. इरावती कर्वे यांनी १९२८ च्या सुमारास त्यांच्याकडे प्रबंध लिहिला तो चित्पावनांवर, म्हणजे स्वतःच्याच समाजावर. म्हैसूरहून आलेल्या श्रीनिवास यांनी म्हैसूरकडचे विवाह आणि कुटुंब हा विषय घेतला, नंतर कूर्गकडे वळले. विलास संगवे यांनी जैन समाजाचा अभ्यास केला. व्हिक्टर डिसूझा यांनी आपल्याच किनाऱ्याच्या खालच्या टोकाला, कॅनरातल्या नवायत मुसलमानांवर लिहिले. अक्षय देसाई यांनी भारतीय राष्ट्रवादाची सामाजिक पार्श्वभूमी धुंडाळली. या सगळ्यांनी हातातला, ओळखीचा, भाषा कळणारा समाज घेतला आणि त्याच्याकडे नव्याने बघायला शिकले. पुस्तकातला समाज आणि दारातला समाज एकाच टेबलावर आणायचे, ही घुर्ये यांची पद्धत.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे यातले कितीतरी शिष्य गुरूच्या मताचे राहिले नाहीत. देसाई कट्टर मार्क्सवादी, घुर्ये त्या वाटेला कधी गेले नाहीत. श्रीनिवास ऑक्सफर्डला गेले आणि ग्रंथांपेक्षा गावात राहून पाहण्यावर भर देऊ लागले. जातीचे मूळ घुर्ये गंगेच्या खोऱ्यातल्या ब्राह्मणी परंपरेत शोधत, तर जातीसारखे गट आर्यांच्या आधीपासूनच इथे असावेत असे इरावतीबाईंचे म्हणणे. घुर्ये यांचा प्रभाव म्हणतात तो मला इथे दिसतो. एकाच खोलीतून निघालेली माणसे इतक्या निरनिराळ्या दिशांना गेली आणि प्रत्येकाने आपापल्या ठिकाणी पुन्हा शिष्य घडवले.

आता लोणीकंदविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण माझी मागणी तिथूनच आली आहे. पुण्याहून नगरच्या रस्त्यावर लोणीकंद आहे. पेशवाई बुडाल्यावर लगेच, १८१९-२० च्या सुमारास, कंपनी सरकारचा डॉक्टर टॉमस कोट्स याने या गावाचे बारकाईने वर्णन लिहून ठेवले. घरे, पिके, कर्ज, बलुतेदार, लोक काय खातात, काय नेसतात. ते छापूनही आले. घुर्ये यांनी ते वर्णन हाती घेतले आणि त्याच गावाचा पुन्हा अभ्यास केला. १९६० साली पुस्तक निघाले, आणि सव्वाशे वर्षांनंतरचे लोणीकंद हे त्याच्या नावातच होते. ही युक्ती साधी आहे आणि विलक्षण गुणाची आहे. एकदाच पाहिलेले गाव आहे तसेच पूर्वापार असणार असे वाटते. दोनदा पाहिले की काय टिकले, काय गेले, कोण वर आले, कोण गाव सोडून गेले हे दिसायला लागते. 'आमच्याकडे पूर्वीपासून हे असेच आहे' या वाक्याची तपासणी करायला दुसरा मार्ग नाही.

आपल्याकडे कोट्सच्या जागी काय आहे? बॉम्बे गॅझेटिअरचा दहावा खंड, रत्नागिरी आणि सावंतवाडी, १८८० चा. अकरावा कुलाब्याचा, १८८३ चा. त्यात जातवार राहणी, धंदे, घरांची ठेवण, बंदरांची आयात-निर्यात, शेती, खोती असे सगळे आहे. राज्य सरकारच्या दर्शनिका विभागाने जुनी गॅझेटिअरे डिजिटल स्वरूपात खुली केली आहेत, त्यामुळे 'पुस्तक मिळत नाही' ही सबब उरलेली नाही. ही नोंद गोऱ्या साहेबाच्या नजरेने आणि त्याला माहिती पुरवणाऱ्या वरच्या जातींच्या तोंडून झाली आहे, हे मुलांना आधी सांगावे लागेल. काही जातींबद्दल तिथे जे लिहिले आहे ते वाचून आज संताप येतो. तोही अभ्यासाचाच भाग धरावा. कुणी कुणाबद्दल काय लिहिले, आणि ज्याच्याबद्दल लिहिले त्याला कधी विचारले का?

उदाहरणादाखल एक विषय जवळून सांगते. रापण. होडी किनाऱ्यावरून दोराचे एक टोक ठेवून निघते, समुद्रात अर्धवर्तुळात जाळे सोडत जाते आणि दूरवर पुन्हा किनाऱ्याला लागते. मग दोन्ही टोकांना माणसे उभी राहतात आणि जाळे ओढू लागतात. हळूहळू दोन्ही रांगा एकमेकींजवळ सरकतात. मासळी वाळूवर आली की विक्री आणि मग वाटे. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. गाबीत या मच्छीमार समाजातले एक आजोबा मला म्हणाले, "आता रापण ओढूक माणसांच खंय गावतत?" त्यांच्या या एका वाक्यात निदान चार प्रबंध आहेत. माणसे गेली कुठे: पर्ससीन जाळ्याच्या यांत्रिक नौकेवर, पर्यटकांच्या बोटीवर, मुंबईला, की शिकून नोकरीला? वाट्यांचा हिशेब कुणाच्या वहीत आणि कुणाच्या डोक्यात? विधवेला वाटा मिळतो का, आणि मिळत असेल तर कोणत्या नात्याने? मासळी विकणाऱ्या बाईच्या हाती निर्णय किती? रापणीत गाबितांखेरीज कोण ओढते आणि त्यांचा वाटा तेवढाच असतो का? 'व्यवसायनिवडीवरची बंधने' हे पाचवे वैशिष्ट्य वर्गात एका ओळीत संपते. किनाऱ्यावर ते शिकायला एक अख्खा हंगाम लागेल, आणि पारंपरिक मच्छीमार विरुद्ध पर्ससीन आणि एलईडी दिव्यांची मासेमारी हा आपल्या डोळ्यांदेखत पेटलेला वाद त्या मुलांना पहिल्यांदा नीट कळेल.

दुसरा विषय गावऱ्हाटीचा. देवळातले मानपान, पालखीला खांदा कुणाचा, शिमग्याच्या होळीचे पहिले लाकूड कुणाचे, गाऱ्हाणे कोण घालणार. यावरून गावागावांत कोर्टकज्जे होतात, उत्सव बंद पडतात. 'विशेषाधिकार' पाठ म्हणणारा मुलगा त्याच गावातून आलेला असतो. त्याला फक्त एवढे करायला सांगा: उत्सवाच्या दिवशी कोण कुठे उभा आहे याचा नकाशा काढ, आणि तो मान त्या घराकडे कधीपासून आला हे वेगवेगळ्या वाड्यांत जाऊन विचार. एकाच मानाच्या तीन कथा मिळतील. त्या तिन्ही लिहून आण.

कोकणातल्या गावाचा अर्धा भाग तर मुंबईत राहतो. त्याशिवाय आपल्याकडचा कोणताही अभ्यास पुरा होणार नाही. गिरणगावातल्या गावकीच्या खोल्या, ग्रामस्थ मंडळांच्या इतिवृत्ताच्या वह्या, वर्गणीच्या याद्या, १९८२ च्या संपानंतर गावी परतलेले कामगार. ती पिढी आता फार उरलेली नाही आणि खोल्या तर टॉवरखाली गेल्या. मंडळांच्या वह्या कुणाच्या तरी माळ्यावर पडून आहेत आणि घर आवरताना रद्दीत जात आहेत. याची मला सर्वांत जास्त घाई वाटते.

घुर्ये यांचे दोषही तुमच्या वर्गात मोकळेपणाने बोलले जावेत. १९४३ च्या पुस्तकात त्यांनी आदिवासींना मागासलेले हिंदू म्हटले. मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन यांनी मध्य भारतातल्या बैगा आदिवासींवर लिहिताना त्यांना बाहेरच्या लोंढ्यापासून जपण्याचा आग्रह धरला होता, त्याला हे उत्तर होते. हा वाद आपण 'विलगीकरण विरुद्ध सात्मीकरण', म्हणजे वेगळे ठेवणे विरुद्ध सामावून घेणे, असा फळ्यावर दोन रकान्यांत लिहून मोकळे होतो. रायगडमधल्या कुठल्याही कातकरी वाडीत हा वाद घेऊन जा. वाडीखालची जमीन कुणाच्या नावावर आहे, वीटभट्टीवर उचल घेऊन कुटुंब किती महिने बाहेर असते, जातीचा दाखला मिळायला काय काय लागते, हे तिथे ऐकले की घुर्ये आणि एल्विन दोघांकडूनही काय राहून गेले ते कळते. आपण हिंदू आहोत की नाही हा प्रश्न कातकऱ्यांनी उपस्थित केला नव्हता, विद्वानांनी केला होता. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाज आहे, चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या जपणारा. त्यांना प्रदर्शनातला कलाकार म्हणून सगळे भेटतात. त्यांच्या घरातल्या मुलांच्या शिक्षणाबद्दल विचारायला कोण जाते?

मुसलमानांबद्दलचे घुर्ये यांचे लेखनही अनेक अभ्यासकांना एकांगी वाटले आहे, आणि त्यांच्या समाजशास्त्रामागे हिंदू राष्ट्रवादाची धारणा होती ही टीका गंभीरपणे झाली आहे. मला ती बऱ्याच अंशी पटते. आपल्या किनाऱ्यावर मासेमारी करणारे दालदी मुसलमान आहेत, कोकणी मुसलमान आहेत, गावऱ्हाटीत मान असलेली मुसलमान घरेही काही गावांत आहेत. आपल्या भागाचे वर्णन त्यांना वगळून लिहिता येत नाही.

आणि बाबासाहेब. त्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे, बालपणाची काही वर्षे दापोलीत गेलेली. कोलंबिया विद्यापीठात १९१६ साली त्यांनी जातींवरचा निबंध वाचला, म्हणजे घुर्ये यांच्या ग्रंथाच्या सोळा वर्षे आधी. जातीबाहेर लग्न न करणे हेच जातीचे मर्म, असे त्यांनी त्यात दाखवले. घुर्ये यांनीही पुढे आंतरजातीय विवाहाचा पुरस्कार केला, मात्र जातीवर आधारलेल्या राखीव जागांना त्यांचा विरोध होता. एकाच किनारपट्टीतून आलेले हे दोन अभ्यासक, एकाच प्रश्नाने झपाटलेले, आणि किती वेगळ्या अनुभवातून लिहिणारे. अभ्यासक्रमात ते वेगवेगळ्या पेपरांत पडतात. त्यांना एका तासाला समोरासमोर आणा. घुर्ये यांचे चौथे वैशिष्ट्य, नागरी निर्योग्यता, पुस्तकात शांतपणे नोंदलेले आहे. त्याच्या पाचच वर्षे आधी, २० मार्च १९२७ रोजी, महाडला चवदार तळ्यावर माणसे पाण्यासाठी गेली होती आणि त्यांच्यावर हल्ला झाला होता. विद्यार्थ्यांना महाडला न्या. आणि परत आल्यावर आपल्या गावातल्या जुन्या पाणवठ्यांची यादी करायला सांगा: कोणती विहीर कुणाची होती, नळ आला तेव्हा तो आधी कोणत्या वाडीत आला.

जात विचारत फिरणे सोपे नाही हे मी जाणते. बौद्धवाडीतल्या मुलीला वरच्या आळीत प्रश्नावली घेऊन पाठवले तर तिला काय ऐकावे लागेल याची जबाबदारी तुमची आहे. म्हणून मुलांना जोडीने पाठवा, आधी तुम्ही स्वतः त्या घरी जाऊन या, माणसांची नावे अहवालात घालू नका, आणि ज्यांनी माहिती दिली त्यांना लिहिलेले वाचून दाखवा. हे शेवटचे गॅझेटिअरवाल्यांनी कधी केले नाही. ते केले तर चुका गावच दुरुस्त करील, आणि भांडलेच तर ते भांडणही लिहून घ्या.

तुमच्यावर कामाचा ताण किती आहे, तासिका तत्त्वावर किती जण राबत आहेत, नॅकची कागदपत्रे किती वेळ खातात, हे सगळे मी ऐकून आहे. त्यामुळेच फार मोठे काही मागत नाही. एका वर्षी एक वाडी. पंधरा-वीस पानांचा, मराठीत लिहिलेला, स्वतः पाहिलेल्या गोष्टींचा अहवाल. गेल्या वर्षीच्या प्रोजेक्टचे मुखपृष्ठ बदलून दिलेला नको. तशा प्रती झेरॉक्ससाठी आमच्या समोरच्या दुकानात येतात आणि ते पाहून वाईट वाटते, कारण ती मुले खूप काही सांगू शकली असती.

आमच्या वाचनालयापुरते जे करता येईल ते ठरवले आहे. गॅझेटिअरच्या दोन्ही खंडांतली आपल्या भागाची पाने छापून, बांधून संदर्भ विभागात ठेवली आहेत. गटाने येणार असाल तर आदल्या दिवशी निरोप द्या, वाचन कक्ष मोकळा ठेवते. इंग्रजी वाचायला अडचण येणाऱ्या मुलांबरोबर मी स्वतः बसेन. तयार झालेल्या प्रत्येक अहवालाची एक प्रत आमच्याकडे द्या. त्यासाठी एक कपाट रिकामे केले आहे, तालुकावार, गाववार आणि सालवार लावायचे. ज्या गावाचा अहवाल आहे त्या गावच्या वाचकाला तो नोंदवहीत सही करून घरी नेता येईल. जूनमध्ये नवे सत्र सुरू होण्याआधी निदान कोणते गाव घेणार तेवढे कळवावे, म्हणजे दोन कॉलेजे एकाच वाडीवर जाणार नाहीत.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मालवण तालुक्यातील एक ग्रंथपाल